एकोणसाठ डब्यांची मालगाडी आणि दहाची जुडी

दुसऱ्या भाषेच्या मुलखात स्थिरावलेल्या मराठी घरांत एक गोष्ट बहुतेक सगळीकडे सारखी दिसते. मुलं घरात मराठी बोलतात, पण आकडा आला की इंग्रजीत शिरतात. “आई, मला ट्वेंटी फाइव्ह रुपये दे.” “आजी, तुझी गोळी एट थर्टीची आहे ना?” बाकी वाक्य मराठी, आकडा तेवढा इंग्रजी. आता पुण्या-मुंबईतही हेच ऐकू येतं, मग आमच्या बेल्लमपल्लीचं काय सांगावं!

बेल्लमपल्ली हे सिंगरेणीच्या कोळसा खाणींचं गाव, काझीपेट-बल्लारशाह रेल्वेमार्गावरचं. पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होतं; २०१६ साली तेलंगणात जिल्हे नव्याने पाडले, तेव्हापासून मंचेरियाल जिल्ह्यात आहे. इथून उत्तरेच्या गाडीत बसलं की आसिफाबाद रोड, कागजनगर आणि मग महाराष्ट्र. तसं पाहिलं तर मधली सीमा नंतर आली. किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. माझे आजेसासरे राजुऱ्याकडून खाणीत कामाला आले आणि इथलेच झाले. आज आमच्या घरात मराठी, गल्लीत तेलुगू आणि शाळेत इंग्रजी. मुलगी सात वर्षांची आहे, मुलगा पाच. दोघं तिन्ही भाषांत मोजतात. त्यांना घरी गणित शिकवताना मला जे सापडलं, ते आपल्या मंडळातल्या तरुण आई-बाबांना सांगावं, म्हणून हा लेख.

आजीचं वय किती?

गेल्या वर्षी मुलीला शाळेच्या वहीत घरातल्या माणसांची माहिती लिहायची होती. तिने आजीला विचारलं, “आजी, तुझं वय किती?”

सासूबाई म्हणाल्या, “एकोणसत्तर.”

मुलीने लिहिलं ७९. सासूबाईंनी वहीत डोकावून पाहिलं आणि हसत म्हणाल्या, “एकदम दहा वर्षांनी म्हातारी केलीस की गं मला!” मुलीचं म्हणणं असं, की शेवटी ‘सत्तर’ ऐकू आलं, आणि ‘एकोण’ म्हणजे नऊ, कारण एकोणीस म्हणजे नाइन्टीन. तिचा तर्क अगदी सरळ होता. आपला शब्दच तिला वेगळीकडे घेऊन गेला.

हसण्यावारी नेण्यासारखीच गोष्ट, पण मला तिच्यात काळजीचंही काही दिसलं. आजीच्या बोलण्यात आकडे किती असतात ते एकदा ऐका. लग्नाचं साल, आजोबांच्या नोकरीची वर्षं, तेव्हाचा ज्वारीचा भाव, क्वार्टरचा नंबर. मूल मराठी बोलतं, पण या आकड्यांपाशी येऊन थांबतं, आणि मग गोष्टही तिथेच थांबते. मराठी आकडे गेले की आजीच्या बोलण्यातला निम्मा तपशील नातवंडांसाठी गेला.

आपला आकडा अवघड का वाटतो?

इंग्रजीत ४७ हा आकडा जसा लिहितात तसाच बोलतात: आधी चाळीस, मग सात. तेलुगूतही तसंच. ‘नलभै एडु’ म्हणजे ‘चाळीस सात’. ‘इरवै ऒकटि’ म्हणजे ‘वीस एक’. मराठीत मात्र ‘सत्तेचाळीस’. सात आधी ऐकू येतो, चाळीस नंतर. ऐकता ऐकता लिहिणारं मूल आधी सात लिहितं, मग चार, आणि होतात चौऱ्याहत्तर. त्यात प्रत्येक दशकात शब्दाचं रूप बदलतं. चाळीसचं त्रेचाळीस होतं, पन्नासचं त्रेपन्न होतं, साठचं त्रेसष्ट आणि सत्तरचं त्र्याहत्तर. शंभरापर्यंतचे जवळजवळ सगळे शब्द वेगवेगळे पाठ करावे लागतात.

हा प्रश्न फक्त सीमेवरच्या घरांचा नाही. २०१९ साली महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला ‘वीस एक’, बावीसच्या जोडीला ‘वीस दोन’ अशी वाचनाची पद्धत आली आणि केवढा वाद झाला, ते अनेकांना आठवत असेल. गणिताच्या समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या. जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांत लहान मुलं अडखळतात, त्यांना आकडा आधी समजू दे, अशी त्यामागची भूमिका होती. विरोध करणारे म्हणत होते की अशाने मराठीतले सुंदर शब्दच जातील.

दोन्ही बाजूंचं म्हणणं मला पटतं, आणि बेल्लमपल्लीत राहिल्यामुळे त्यातून एक वाटही दिसते. ‘वीस एक’ आमच्या गल्लीत रोज ऐकू येतं, तेलुगूत. ‘एकवीस’ घरात आजीच्या तोंडी आहे. मुलाला यातला एक शब्द निवडायची गरजच नाही. त्याच्या हातात दोन दहाच्या जुड्या आणि एक सुटी काडी असली की ती एकच गोष्ट तीन नावांनी हाक मारता येते. म्हणून आमच्या घरी नियम असा झाला: आधी वस्तू हातात, मग दहाची जुडी, मग नाव. नाव तिन्ही भाषांत, पण आजीचं नाव रोज.

जगातही आपण एकटे नाही. जर्मन माणूस एकवीसला ‘एक आणि वीस’ म्हणतो, म्हणजे आपल्यासारखाच एकं आधी. चिनी भाषेत ‘दोन दहा एक’ म्हणतात. मुलीला हे सांगितल्यावर तिने दिवसभर घरातली प्रत्येक वस्तू चिनी पद्धतीने मोजली.

साहित्य घरातच आहे

या खेळांना दुकानातून काही आणावं लागत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यात बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. माँटेसरी पद्धतीची महागडी साधनं तिथे परवडणारी नव्हती. मग खडे, शिंपले, पानं, बिया हीच त्यांची साधनं झाली. आपण तेच करायचं. फक्त एक लक्षात ठेवा: तीन वर्षांखालचं मूल घरात असेल तर चिंचोके, मणी, कवड्या त्याच्या हाती लागू देऊ नका. नाकात किंवा घशात जायला वेळ लागत नाही.

१. काड्यांची जुडी

नव्या खराट्यातल्या काड्या सारख्या लांबीच्या तोडून घ्या. शंभर तरी हव्यात. सोबत रबरबँड. मुलाने काड्या मोजायच्या आणि दहा झाल्या की स्वतः जुडी बांधायची. बांधण्याचं काम आपण करायचं नाही. दहा सुट्यांची एक जुडी होते, हे त्या रबरबँडच्या पिळात मुलाच्या बोटांना कळतं.

मग एक जण आकडा सांगतो आणि मूल तो मांडतं. मी ‘नलभै एडु’ म्हटलं की मुलगा आधी चार जुड्या ठेवतो, मग सात सुट्या. आजी ‘सत्तेचाळीस’ म्हणाली की आधी सात सुट्या, मग चार जुड्या. शेवटी समोरचा ढीग तोच असतो. हे दोन्ही क्रमांनी पाच-सात वेळा झालं की ‘सत्ते’ ऐकल्यावर हात सुट्या काड्यांकडे जातो आणि ‘चाळीस’ ऐकल्यावर जुड्यांकडे. लिहिताना सुट्या नेहमी उजव्या बाजूला ठेवायच्या. आकडा उलटा लिहिणं त्यामुळे बरंच कमी होतं.

याच्या जोडीला ३६ आणि ६३ देवनागरीत कागदावर मोठे लिहून दाखवा. छत्तीसमध्ये तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून बसलेत, त्रेसष्टमध्ये तोंडं समोरासमोर. ‘छत्तीसचा आकडा’ म्हणजे भांडण का, हे मुलांना लगेच समजतं, आणि कुठे तीन जुड्या, कुठे सहा हेही लक्षात राहतं.

२. मालगाडी मोजणं

आमच्या मार्गावरून कोळशाच्या मालगाड्या जातात. कोळशाच्या उघड्या डब्यांची गाडी असेल तर डबे साधारण अठ्ठावन्न-एकोणसाठ असतात. मुलांना ते तोंडाने मोजता येत नाहीत. गाडी पुढे जाते आणि आकडा मागे राहतो. म्हणून आम्ही फलाटावर, पिवळ्या रेषेच्या बरंच मागे, बाकावर बसून वहीत रेघा मारतो. चार उभ्या, पाचवी आडवी. दोन गठ्ठे झाले की दहा, त्याला गोल. घरी आल्यावर प्रत्येक गोलाला एक जुडी आणि उरलेल्या रेघांना सुट्या काड्या.

एकदा मुलीचे पाच गोल आणि नऊ रेघा झाल्या. शेजारच्या अम्मम्मांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, ‘याभै तोम्मिदि’. शाळेच्या वहीत ‘फिफ्टी नाइन’ लिहिलं. आजीने सांगितलं, “एकोणसाठ.” मुलीने पुन्हा काड्यांकडे पाहिलं. साठ कुठे आहेत? साठ नव्हतेच, एक कमी होती. तिने डब्यातून एक काडी आणून ठेवली, नऊच्या दहा झाल्या, रबरबँड लावलं, सहा जुड्या. “साठ!” मग ती काडी परत काढली. “एकोणसाठ!” ‘एकोण’ म्हणजे एक उणा, हे तिला सांगावं लागलं नाही. वहीतलं आजीचं वयही तिने मग स्वतःच दुरुस्त केलं.

तुमच्या गावी मालगाडी नसेल तर जिन्याच्या पायऱ्या, सोसायटीतल्या खिडक्या, बागेच्या कुंपणाचे गज, काहीही चालेल. एका दमात मोजता येणार नाही इतकं मोठं मात्र हवं. तेव्हाच दहाच्या गठ्ठ्याची गरज पटते.

३. शंभर मण्यांची माळ

दिल्लीच्या ‘जोडो ज्ञान’ या संस्थेने ‘गणितमाळा’ नावाचं एक साधन अनेक शाळांत पोचवलं आहे. एका दोरीत शंभर मणी, दहा एका रंगाचे, पुढचे दहा दुसऱ्या रंगाचे, पुन्हा पहिला रंग, असं शेवटपर्यंत. घरी जाड दोरा आणि दोन रंगांचे मोठे मणी घेऊन ती तासाभरात ओवून होते. ओवायला मुलांनाच बसवा. मणी थोडे सैल राहू द्या, म्हणजे मध्ये कपडे वाळत घालायचा चिमटा लावता येतो.

खेळ सोपा आहे. “चिमटा पस्तीसवर लाव.” पहिल्या दिवशी मूल एकेक मणी मोजतं. काही दिवसांनी ते दहा, वीस, तीस असे रंगांवरून बोट सरकवतं आणि पुढे पाच मोजतं. त्याच्या पुढच्या टप्प्यात अडतीस म्हटल्यावर ते चाळीसला जाऊन दोन मणी मागे येतं. हा टप्पा आला की समजा, बेरीज-वजाबाकीची निम्मी तयारी झाली. घाई करू नका, आणि “असं कर” असंही सांगू नका. “तू कसं शोधलंस?” एवढंच विचारा.

‘एकोण’चे आठ मणी या माळेवर धाग्याने खूण करून दाखवता येतात: एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद. सगळे रंग बदलण्याच्या अगदी आधी बसलेले. नवव्या जागी मात्र ‘एकोणशंभर’ नाही, ‘नव्व्याण्णव’ आहे. हा फरक मुलांना शोधू द्या. नियम मोडणारा एक शब्द सापडला की मुलांना केवढा आनंद होतो!

४. अर्धे चिंचोके

चिंचोके फोडून अर्धे केले की एक बाजू पांढरी, एक तपकिरी. आपल्या आज्या यांचा फाशासारखा उपयोग करायच्या. दहा अर्धुकं मुठीत घ्या आणि जमिनीवर टाका. किती पांढरे, किती तपकिरी? सात आणि तीन. पुन्हा टाका. चार आणि सहा. मग पांढरे तेवढे दाखवा आणि तपकिरी हाताखाली झाका. “हाताखाली किती?” पाच वर्षांच्या मुलाला हा खेळ कितीही वेळा चालतो, आणि दहाच्या सगळ्या जोड्या पाठांतराशिवाय तोंडी येतात.

तेलंगणातल्या घरांत याच्या जवळचे दोन खेळ आहेत. ‘अष्टा चम्मा’ चार कवड्यांवर खेळतात. चारही उताण्या पडल्या तर चार, चारही पालथ्या पडल्या तर आठ. ‘वामन गुंटलु’त सात-सात खळग्यांच्या दोन ओळी असतात आणि चिंचोके एकेक करत पेरत जायचं असतं. अम्मम्मा आमच्या मुलांशी खेळताना आधी विचारतात, शेवटचा चिंचोका कोणत्या खळग्यात पडेल? मुलं आता पेरण्याआधी डोळ्यांनी मोजतात. शेजारी असे खेळ असतील तर मुलांना जरूर तिथे बसवा. त्यासाठी भाषा पूर्ण यावी लागत नाही.

५. पाव, पाऊण, दीड

आपल्या जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ करून घेत. आज ती घोकंपट्टी नको, पण ते शब्द हवेत, कारण आपले बाजार आणि घड्याळ अजून त्यांवरच चालतात. भाकरीचे चार सारखे तुकडे करा. एक तुकडा पाव, दोन म्हणजे अर्धी. एक तुकडा खाऊन टाकला की उरली पाऊण. ‘पाऊण’ म्हणजे पाव उणी. पुन्हा तोच ‘उणा’! तेलुगूत पाऊण तासाला ‘मुप्पावु गंट’ म्हणतात, म्हणजे तीन पाव. मराठी शब्द गेलेला तुकडा मोजतो, तेलुगू शब्द उरलेले तुकडे मोजतो. ताटातली भाकरी एकच. मुलीला हे दाखवलं तेव्हा ती म्हणाली, “मग आपण खाल्लेलं मोजतो!”

अख्खी भाकरी आणि वर पाव म्हणजे सव्वा, वर अर्धी म्हणजे दीड. दोन आणि अर्धी म्हणजे अडीच. मग घड्याळाकडे वळा: सव्वापाच, साडेपाच, पावणेसहा. पावणेसहात अजून सहा वाजलेले नाहीत, हे ‘एकोणसाठ’ समजलेल्या मुलाला सांगावं लागत नाही.

६. खऱ्या पैशांचा बाजार

खेळण्यातल्या नोटांपेक्षा खऱ्या दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी घ्या. नोट ही जुडीच आहे, फक्त रबरबँड दिसत नाही. घरात भाजीचं दुकान मांडा. दुकानदार आजी, भाव मराठीत. बत्तीस रुपयांची वांगी घेताना मुलाने तीन नोटा आणि दोन नाणी द्यायची. पन्नास दिले तर परत किती? बत्तीसच्या पुढे चाळीसपर्यंत आठ नाणी, मग एक नोट. अठरा. भाजीवाले सुटे पैसे परत देताना बहुतेक असंच पुढे मोजत देतात. खऱ्या बाजारात गेल्यावर मुलाला भाव ऐकू द्या आणि पैसे त्याच्याच हातून द्या.

रोज किती वेळ?

दहा-पंधरा मिनिटं पुरतात. एका दिवशी एकच खेळ. मूल कंटाळण्याआधी थांबा, म्हणजे दुसऱ्या दिवशी ते स्वतः डबा घेऊन येतं. उत्तर चुकलं तर “चूक” म्हणण्याऐवजी “मांडून दाखव” म्हणा. काड्या स्वतःच चूक दाखवतात, आणि दुरुस्तीचा मान मुलाकडे राहतो. वही-पेन्सिल सगळ्यात शेवटी.

शाळेचं इंग्रजी गणित यामुळे मागे पडेल, अशी भीती काही पालक बोलून दाखवतात. दहाची जुडी ज्याला कळली त्याला ‘फिफ्टी नाइन’ही कळतं. समज एकदाच येते, नावं कितीही जोडता येतात. गल्लीतल्या भाषेचीही भीती नको. आमच्याकडे तेलुगूनेच मराठी आकडा सोपा केला. तुमच्याकडे कन्नड, गुजराती किंवा इंग्रजी असेल, तिला खेळात घ्या.

फक्त मराठी आकड्याला घरात रोजचं काम द्या. फोन नंबर मराठीत सांगा. गॅस सिलिंडर कितीला आला, बसचं तिकीट किती, पाहुणे किती येणार, चपात्या किती लागतील, हे मराठीत बोला. आणि आजी-आजोबा दूर असतील तर आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर त्यांनाच आकडा सांगायला लावा, मुलाने इकडे काड्या मांडायच्या. आमच्या सासूबाई येत्या वर्षी सत्तर पूर्ण करतील. मुलीने त्यांच्यासाठी सात जुड्या आत्ताच बांधून ठेवल्या आहेत आणि सातवीतली एक काडी बाजूला काढून ठेवली आहे.